कन्हानच्या पुरात कौसल्या

लोक विचारतात, होमगार्ड म्हणजे काय सैनिक? मी वाद घालत नाही. खाकी घातली, हुकूम पाळला आणि ड्यूटीवर आमचं एक माणूस गेलं. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

बांगलादेशची लढाई होऊन गेली होती. मी नागपूरच्या महिला प्लाटूनमध्ये होते, एरवी मिशनच्या दवाखान्यात आया. शिक्षण चौथीपर्यंत. माझी जोडीदार कौसल्या जरीपटक्याकडची, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातली. आमची ड्यूटी म्हणजे जत्रा, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. रांगेत फॉल-इन व्हायच्या आधी मी डोळे मिटून म्हणायची, प्रभू, वाट दाखव, हिंमत दे. कौसल्या बाजूलाच उभी असायची.

"मार्थे, तुहा देव वाट दाखवते ना? मंग बसची वाट काहून पाहून राहिली वं?"

"तो देव आहे, कंडक्टर नाही."

त्या पावसाळ्यात कन्हानला पूर आला. सकाळी वायरलेसवर मेसेज आला. "दोन महिला गार्ड पाठवा. पोहता येणाऱ्या. ओव्हर."

जीपने आम्हाला नदीकाठच्या एका गावाबाहेर सोडलं. नाल्यात नदीचं पाणी उलटं शिरलं होतं आणि पलीकडे एकच घर उरलं होतं. आत ओली बाळंतीण, तिचं बाळ आणि सासू. आमच्या पुरुष गार्डांनी नाल्यावर आरपार दोरखंड बांधला होता. ते दारापर्यंत जाऊनही आले होते. सासूने आतून कडी लावली. बाळंतिणीला परपुरुषाचा हात लागू देणार नाही म्हणाली. मातीची भिंत खालून विरघळत होती.

प्लाटून कमांडर साहेबांनी गार्डांच्या पीटीच्या दोन हाफ पँट आमच्यापुढे धरल्या. "साड्या काढा, या घाला. पाणी कमरेच्या वर आहे."

कौसल्या हसली. "साहेब, या गावात माही नणंद दिली आहे. सारं गाव पाहून राहिलं. मी कासोटा मारतो."

"कौसल्या, ऑर्डर आहे."

"कासोटा मारूनच लहानपणी नदीत पोहलो, साहेब."

साहेबांनी काठावरच्या गर्दीकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. कमरेला बांधायला दुसरी दोरी नव्हती. कौसल्या खाकी साडीचा कासोटा घट्ट खोचून उतरली. दोरखंड काखेत, एकेक हात पुढे. मध्यावर कासोटा सुटला. साडी पाण्यात उघडली, फुगली आणि धारेने ओढली. कौसल्याने एक हात सोडला, साडी सोडवायला. दुसरा हात आपोआप सुटला. ती ओरडली नाही. पाण्यावर खाकी कापड थोडा वेळ दिसलं, मग तेही दिसेना.

दोन गार्ड काठाने खाली धावत गेले. मी जिथे होते तिथेच उभी राहिले. डोक्यात काही येईना. मघाशी ती माझ्या खांद्याला धरून चप्पल काढत होती. खांद्यावर तिच्या हाताचा ओलावा होता. एवढंच कळत होतं.

पलीकडे भिंतीचा कोपरा पडला. आतून बाळ रडलं.

साहेब म्हणाले, "मार्थाबाई, हुकूम देत नाही. विचारतो."

मी प्रार्थना केली. शब्द जुनेच, वाट दाखव, हिंमत दे. एखादं वचन आठवेल असं वाटलं होतं. आठवली ती पँट. देवाने तेवढंच दाखवलं. भीती जशीच्या तशी होती. मी दोन बायकांना लुगड्याचा आडोसा धरायला लावला आणि पँट चढवली. मागून कोणीतरी हसलं. हसू दिलं.

या वेळी साहेबांनी चार गार्ड दोरखंडाला धरून पाण्यात उभे केले. हे आधी का केलं नाही, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. ते स्वतःला विचारत असतील.

पोचले. दार ठोकलं.

"कोन आहे?"

"बाई आहे. दार उघड वं, माय."

म्हातारीने फटीतून माझे पाय पाहिले. "बाई दिसत नाही."

"दिसायचं राहू दे. भिंत पडून राहिली. पोरीले दे."

कडी निघाली. म्हातारीची एकच अट, गड्यांनी तोंड फिरवायचं. साहेब काठावरून ओरडले, "अबाउट टर्न." चारही गार्ड पाण्यात पाठमोरे झाले, दोरखंड खांद्यावर घेऊन. त्यांच्या पाठींचा आधार घेत मी बाळ घमेल्यात घालून आणलं, मग बाळंतिणीला, शेवटी सासूला. ती सगळा वेळ मला शिव्या देत होती. आम्ही काठावर असतानाच घर बसलं.

पूर ओसरल्यावर कौसल्या खाली बाभळीत अडकलेली सापडली. नणंदेने ओळखलं. आम्ही लाइन करून सॅल्यूट दिला. माझा हात वर गेला तो खाली येईना. कोणीतरी धरून आणला.

माझ्याकडून बरीच वर्षं प्रार्थना होत नव्हती. तिला का नाही दाखवलं, एवढा एकच प्रश्न मी देवाला विचारला. उत्तर आलेलं नाही. तरी दवाखान्यात रोज सकाळी कामाला जायला पाय उचलावा लागायचा आणि तो उचलला जायचा. तो माझ्या जोरावर उचलला जात नव्हता, एवढं मला माहीत आहे.

आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आपली रीत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मागत काही नाही. रविवारी उपकारस्तुतीच्या वेळी, देवाचे आभार मानताना, सगळे आपापल्या घरच्यांची नावं घेतात. मी उभी राहून म्हणते, कौसल्या, होमगार्ड, नागपूर. ती दिली होतीस त्याबद्दल. मग खाली बसते.