चार किरणांचा वारा

मी चाकणला क्रेन चालवतो. आमच्या साइटवर वारा मोजायला एक बाई यायच्या. त्यांची पेटी जमिनीवरून चार दिशांना लेसरचे किरण सोडून वरच्या वाऱ्याचा वेग सांगायची. बाई मोजकंच बोलायच्या. वारा किती आहे विचारलं, की आधी म्हणायच्या, "नेमका कुठला?"

एकदा शेडवर लोखंडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारा तिकोनी सांगाडा, चढवत होतो. पेटीचा आकडा वारा शांत दाखवत होता. सुपरवायझर वॉकीटॉकीवर ओरडला, "चला राव, शिफ्ट संपतेय!"

त्याच्याच वॉकीटॉकीवरून बाई मला म्हणाल्या, "ही सरासरी आहे. चारही किरण वेगवेगळं सांगतायत. शेडमागं हवा घुसळतेय. कैची खाली घ्या."

सुपरवायझर चिडला, पण मी कैची टेकवली. खालची माणसं साखळ्या सोडवून बाजूला झाली, तोच वाऱ्याचा झोत आला. रिकामा हूकच एवढा झुलला, की कैची असती तर खालच्या माणसांवर गेली असती.

मी खाली उतरलो, तशा बाई क्रेनच्या शिडीपाशी आल्या. "भाऊ, वर कसं जाणवलं?"

"आधी डावीकडनं लागला, मग खालनं उचलल्यावानी."

त्यांनी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. "खालून उचलणारा वारा माझ्या हिशोबात नव्हता. आता धरते."

आमचे जीव वाचवून त्या स्वतःची चूक शोधत होत्या.