शेवंतीने घासलेली गाडी

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी. सकाळपासून उकाडा. उशांचे अभ्रे शिवून झाले. झेंडू आणि आपट्याची पानं आणायला कोणी मिळालं नाही, स्वतःच नाक्यापर्यंत जाऊन आले. शेवंतीने मयूरची गाडी घासली. गाडी खराब झाली. खालच्या घरात दिवसभर कोणी मोठ्याने बोललं नाही.

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं होतं. आता सविस्तर लिहिते आहे ते शेवंतीला विचारून. ती म्हणाली, "लिहा. फक्त माझं वय कमी करू नका, लोकांना वाटेल अजून अंगात दम आहे."

तेव्हा वय अडुसष्ट. भोईवाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत ती तळमजल्यावर राहते आणि मी तिच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. मालवणकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती इथे आली. नवरा गुणाजी गिरणीत मागावर होता. संप झाला, तो घरी बसला, आणि शेवंतीने त्याच खोलीत खानावळ काढली. रोजची माणसं जेवून गेली की मोरीत भांड्यांचा ढीग पडायचा. ती पदर खोचून बसायची आणि काथ्याने अशी घासायची की आमच्या जिन्यापर्यंत आवाज यायचा. पातेल्यात तोंड दिसलं पाहिजे, हा तिचा नियम. गुणाजी गेला, खानावळ बंद झाली, मुलगा मयूर शिकून एका बँकेच्या कार्यालयात लागला. घासायची सवय मात्र राहिली. इमारतीच्या गणपतीची समई, ताम्हन, घंटा अजूनही तिच्याकडेच येतात.

मयूरचं लग्न झालं, अक्षता आली. मुलगी फणसवाडीतली, गुणी, नोकरी करणारी. तिच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. पण तिच्यामागून घरात एकेक वस्तू आली आणि शेवंतीच्या हातातून एकेक काम गेलं. धुण्याचं मशीन आलं, धुणं गेलं. एकदा शेवंतीने मिक्सर इतका वेळ चालवला की आतून धूर निघाला, मग वाटण गेलं. एकदा गॅसवर दूध ठेवून ती माझ्याकडे बोलत बसली, तेव्हापासून सकाळचा चहा सोडून गॅसही गेला. "आई, तुम्ही बसा आता आरामात," असं अक्षता म्हणायची. शेवंती मला म्हणाली होती, "वहिनी, आरामात बसून बसून माझी पाठ धरली."

उन्हाळ्यात मयूरने गाडी घेतली. जुनीच, पण काळीभोर आणि चकचकीत. त्यांच्या घराण्यातली पहिली गाडी. अंगणात जंगली बदामाखाली जागा मिळाली. नोव्हेंबरअखेर अक्षताच्या भावाचं लग्न होतं, आणि नवरा मुलगा आपल्या गाडीतून हॉलवर जाणार, असं अक्षताने माहेरी सांगून टाकलं होतं.

खंडेनवमीच्या पहाटे शेवंतीने पाहिलं, तर गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर कावळ्यांनी घाण करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी दसरा. गाडीला हार घालायचा, कुंकू लावायचं. देवाची भांडी घासून झालीच होती. काथ्या हातात होता, पितळ घासायची पावडर वाटीत उरली होती. तिने बादलीभर पाणी घेतलं आणि गाडी घासली. नुसती घाण नाही, सगळी गाडी.

तिने मला गॅलरीतून हाक मारली. "वहिनी, बघा तरी!"

ओली गाडी आरशासारखी दिसत होती. मीही म्हटलं, "छान झाली गं." तासाभराने ऊन अंगणात आलं, पाणी वाळलं, आणि गाडीवर राखाडी धूर बसल्यासारखं दिसायला लागलं. जवळ जाऊन पाहिलं तर बारीक गोल ओरखडे, एकात एक, हजारो. सूर्य जिथे चमकत होता तिथे त्याच्याभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसत होतं. पांढऱ्या गाडीवर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. काळा रंग काही लपवत नाही.

मयूर अंगणात आला. गाडीभोवती फिरला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसला.

"कशाने घासलीस, आई?"

"काथ्याने. आणि ती आपली पितळेची—"

"पितळेची." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "गाडी म्हणजे समई आहे का गं?"

मागे अक्षता उभी होती, डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, "आई, हात जोडते. यापुढे घरात कशालाच हात लावू नका."

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. शेवंती घराबाहेर आली नाही.

मयूरने गॅरेजवाल्याला विचारलं. त्याने मशीनने रबिंग-पॉलिश करून देतो म्हणून सांगितलं, पण दिवाळीच्या गर्दीत गाडी ठेवून घ्यायला जागा नव्हती, आणि दिवाळीनंतरही त्याने नक्की दिवस दिला नाही. मग मयूरने घरीच करायचं ठरवून पॉलिशची बाटली आणि मऊ, लव असलेली फडकी मागवली. एका रविवारी त्याने अर्धं दार केलं. आठवडाभर बँकेत मान मोडून काम करणारा मुलगा, दुपारपर्यंत दमला. बाटली जिन्याखाली गेली. पुढचे रविवार लग्नाच्या खरेदीत गेले.

भाऊबीज झाल्यावर शेवंती ती बाटली पदराखाली घेऊन माझ्याकडे आली.

"वहिनी, माका सांगा, ह्याच्यावर काय लिहिलंय?"

कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे इमारतीतले इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात. चष्मा लावला, पण वाचलं नाही. "मयूरला विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणेल."

"आणि न विचारता केलंस तर?"

रात्री तिने मयूरला विचारलं. सकाळी मला येऊन सांगितलं, "कर म्हणाला. म्हणाला, अजून काय बिघडायचं राहिलंय?" हे सांगताना ती माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती.

मग मी वाचून दाखवलं. आधी गाडी भरपूर पाण्याने धुवायची, धुळीचा कण राहता कामा नये. उन्हात करायचं नाही. फडक्यावर थोडंसंच पॉलिश घ्यायचं, वीतभर जागा करायची, पुसायचं, मग पुढची. हात सरळ न्यायचा आणि हलका ठेवायचा. आधी कोपऱ्यात करून पाहायचं.

"हलका म्हणजे केवढा?"

"बाळाला पावडर लावतो तेवढा."

"मग डाग जाणार कसा?" तिने मला विचारलं.

मागच्या चाकाजवळच्या कोपऱ्यात तिने करून पाहिलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. मी मोबाइलचा दिवा धरला. जाळं थोडं विरलं होतं. ती बराच वेळ त्या तळहाताएवढ्या तुकड्याकडे बघत राहिली.

त्यानंतर रोज ऑफिसची माणसं गेली, की ऊन अंगणात उतरेपर्यंत, गाडीवर इमारतीची सावली असेतो, शेवंती काम करायची. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची, दिवा धरायला. तिचा उजवा खांदा वर्षभर दुखतो आहे. तिला कष्ट त्याचे नव्हते. कष्ट होते हात हलका ठेवण्याचे. थोडं लक्ष चुकलं की हात गोल फिरायला लागायचा आणि दाब वाढायचा.

"हात गोलच जातो हो, वहिनी. पन्नास वर्षं गोल फिरलाय."

डाव्या हाताने ती उजव्याचं मनगट धरायची आणि त्याला रांगेत चालवायची, पोराला शाळेत नेल्यासारखं.

वरच्या मजल्यावरचा लवू जाता-येता टोमणा मारायचा. "मावशी, भांडी सोडून आता गाड्या घासायला लागलात?"

"होय रे मेल्या. तुझी पण घेऊन ये. अरे हो, तुझी तर अजून स्वप्नातच आहे नाय?"

एका दिवशी तिच्या हातातून फडकं खाली पडलं. तिने उचललं, झटकलं आणि पुन्हा गाडीवर फिरवलं. मी ओरडले, "शेवंती, माती!" तोवर दारावर एक नवीन, लांब रेघ उठली होती.

ती वळली. "तुम्ही खुर्चीत बसून सांगा. खुर्चीतून सगळ्यांनाच दिसतं."

मी दिवा बंद केला आणि वर आले. दुसऱ्या दिवशी गॅलरीत गेलेच नाही. खालून घासण्याचा आवाजही आला नाही. संध्याकाळी दार वाजलं. शेवंती आंबोळ्या घेऊन उभी होती. अक्षता कामावरून यायच्या आत करून, तवा धुवून जागेवर ठेवून आली होती. मी विचारलं, "खांदा कसा आहे?" ती म्हणाली, "आहे आपल्या जागेवर." सकाळी आम्ही पुन्हा गाडीपाशी गेलो. पडलेलं फडकं तिने फेकून दिलं होतं.

दारं झाली, टप झाला. ओरखडे सगळे गेले असं म्हणणार नाही. सावलीत गाडी काळीभोर दिसायची, कडक उन्हात तिरकं पाहिलं तर जुनी जाळी पुसट दिसायची. पण राखाडी धूर गेला. शेवटी राहिलं बॉनेट. तिथे कावळ्यांची घाण वाळून बसलेली होती आणि तिथेच खंडेनवमीला तिने सगळ्यात जास्त जोर लावला होता. तीन ओरखडे असे, की नख फिरवलं तर अडकायचं. बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं, नख अडकेल असे ओरखडे याने जाणार नाहीत. घासत राहिल्यास वरचा थर झिजून रंग उघडा पडेल. मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं.

पण ती त्या तीन ओरखड्यांपाशी थांबायला तयार नव्हती. "एवढं राहिलं तर तेच दिसणार," म्हणायची. "लग्नात सगळे समोरूनच बघणार ना? म्हणतील, नवऱ्याच्या बहिणीच्या सासूने केलंय."

लग्नाला आठवडा उरला होता. रविवार होता, मयूर घरी. शेवंती तरीही सकाळीच बॉनेटवर वाकली होती. मी वरून बघत होते. हात पुन्हा गोल फिरायला लागला होता, दाब वाढला होता. मी हाक मारणार तोच मयूर बाहेर आला. तो तिच्या बाजूला उभा राहिला. तिचं लक्ष गेलं तशी ती थांबली आणि फडकं पाठीमागे घेतलं, चोरी पकडल्यासारखं.

मयूरने मोबाइलचा दिवा लावला. दारापासून सुरुवात केली, टप बघितला, मागे गेला, पुढे आला. बराच वेळ लागला. मग बॉनेटवर वाकून त्याने त्या तीन रेघांवरून नख फिरवलं.

"हे जरा घासलं की—" शेवंती म्हणाली.

"नको, आई. याच्या खाली आता काही नाही. हे राहू दे."

"दिसतील रे."

"दिसू देत. अर्धं दार केलं तर मला हात उचलवत नव्हता. तू सगळी गाडी केलीस." त्याने तिच्या हातातून फडकं घेतलं नाही. बाटलीचं झाकण मात्र लावलं. "खांदा बघ कसा वर चढलाय तुझा. चल आत."

ती गेली नाही. गाडीला टेकून उभी राहिली. अक्षता दारात आली होती, डोक्याला मेंदी लावलेली, हातात प्लास्टिकचे मोजे. तिने गाडीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आई, लग्नाच्या दिवशी सकाळी मला पार्लरला जायचंय, आणि हे फणसवाडीत असतील. फुलवाला गाडी सजवायला इथेच येईल. ते लोक कुठेही चिकटपट्टी लावतात, मग काढताना रंग सोलतात. तुम्ही थांबाल का त्याच्यापाशी? काय लावायचं, कुठे बांधायचं, तुम्हीच सांगा त्याला."

मला वाटलं शेवंती हसेल. ती फार दमलेली होती. तिने खांदा चोळला आणि म्हणाली, "थांबेन गो. पण बसायला काहीतरी दे. उभं नाय राहवत आता."

लग्नाच्या सकाळी मी गॅलरीतून पाहिलं. शेवंती स्टुलावर बसली होती आणि फुलवाला तिच्यासमोर चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन उभा होता.

"मावशी, पट्टीशिवाय हार टिकणार कसा?"

"दोरा आहे ना? आरशाला बांध, दाराच्या मुठीला बांध. बॉनेटवर काय ठेवायचं तर खाली हे मऊ फडकं घाल. आणि हात धुतलेस का?"

"धुतले."

"दाखव."

त्याने दाखवले. बॉनेटवर हार बसला तरी तीनपैकी एक ओरखडा बाहेरच राहिला. त्यानेच विचारलं, "इथे दोन फुलं टाकू का, झाकायला?" शेवंतीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "राहू दे तसाच."

मयूर फणसवाडीतून टॅक्सीने आला आणि गाडी घेऊन गेला. गाडीत नवरा मुलगा, करवली आणि दोन मामा बसायचे होते. शेवंतीला जागा नव्हती, तशी अपेक्षाही तिने केली नव्हती. फाटकातून गाडी बाहेर पडेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. मग मला वर बघून म्हणाली, "वहिनी, तासभर पडते. मगे आपण दोघी जाऊ. मला उठवा, नायतर झोपूनच राहीन."

मी उठवायला गेले तेव्हा ती गाढ झोपली होती. उजवा हात उशीवर उताणा पडला होता. हाक मारली नाही. खुर्ची ओढून बसले. आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं, पंगत चालू होती. अक्षताने तिला हाताला धरून आपल्या आईशेजारी बसवलं.

संध्याकाळी डायरीत बाकीचं लिहून झाल्यावर शेवटी लिहिलं: सकाळचं दूध नासलं होतं. साखर घालून आटवलं. वाटीभर कलाकंद झाला.