मेणाचा मांडा

जळगावच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आज शेकायचं मेण तापत ठेवलं आणि त्या वासाबरोबर असोद्याच्या अक्का आठवल्या. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. मी तेव्हा नवी होते. त्यांच्या हातात रबरी चेंडू देऊन "दाबा" म्हणायचे आणि केसपेपरवर 'पकड कमजोर' असं लिहायचे.

एकदा शेकून झाल्यावर हातावरचं कोमट मेण सोलून त्यांच्याकडे दिलं, तर त्यांनी त्याचा गोळा केला, थापला आणि या हातावरून त्या हातावर झेलत पसरवायला सुरुवात केली.

"अक्का, हे काय करताय?"

"आखाजीले पोरी येतीन माह्या. त्याहीले पुरणाचे मांडे कोन करीन?"

मला तो खेळ वाटला. मी हसून मेण काढून घेतलं आणि पुन्हा चेंडू दिला. त्या हसण्याची आज लाज वाटते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर त्या डब्यात एक मांडा घेऊन आल्या. मऊ, पातळ, फक्त एका कडेला जाड.

"डावा हात आजून आयकत नाही," त्या म्हणाल्या.

मी चेंडू ड्रॉवरमध्ये टाकला आणि मेणाचा गोळा त्यांच्या हातात दिला.