तीन ग्लास आणि मामाचं नाक

आमच्या अकोल्याच्या मेव्हण्याचं नाक ही वऱ्हाडातली सगळ्यात विश्वासार्ह सरकारी यंत्रणा. माणूस संत्र्याचा व्यापारी. नांदगाव खंडेश्वरच्या बगीच्यात वारा सुटला की हा अकोल्यात बसून सांगतो, संत्र्याचा फुलोरा पावसाळी मृग बहाराचा आहे की हिवाळी आंबिया बहाराचा. मी यात वाढवलंय, पण फार नाही. दारूच्या थेंबालाही न शिवणारा. म्हणून माझी मुलगी नाशिकला वाईनच्या कारखान्यात नोकरीला लागली तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "दारू इकनाऱ्या पोरीच्या मांगं मी काही लग्नात उभा राहत नाही."

लग्न महिन्यावर आलं. अंतरपाटाच्या वेळी पाठीशी मामा नाही, या विचारानं पोरीचं जेवण सुटलं. शेवटी बायकोनं भावाला आमच्या घरी अमरावतीला जेवायला बोलावलं.

मामासमोर वाईन ठेवायची म्हणून पोरीनं आधी आमचं शोकेस उपसलं. आहेरात आलेले, आहेरात द्यायचे राहिलेले सगळे लेमन सेट तिनं नापास केले. एकाचं तोंड पसरट, वास उडतो. दुसऱ्याची काच लोट्यासारखी जाड. मग राजापेठेतलं अख्खं दुकान खाली उतरवून तिनं तीन तऱ्हेचे ग्लास आणले. लाल वाईनचा एवढा पोटाळ, की त्यात बारसं उरकावं. पांढरीचा त्याहून लहान, तोंडाशी आवळलेला. फेसाळ वाईनचा उभा आणि इतका बारीक, की मला वाटलं बाळंतिणीचं औषध मोजायचा असावा.

"मी पेत नाही," मामा दारातच म्हणाला.

"पिऊ नका मामा. नुसता वास घ्या."

तिनं पोटाळ ग्लासात तळाला जेमतेम लाल ओतली. मामानं बहिणीकडं पाहिलं. "कावून बाई, तुह्या घरी पाहुण्याले असा तळ दाखवून राहिले का आता?" आमच्याकडं ग्लास काठोकाठ नसला तर पाहुणा चप्पल शोधतो.

"वरची जागा वासाची आहे मामा," पोरगी म्हणाली आणि तीच वाईन स्टीलच्या ग्लासात काठोकाठ भरून शेजारी ठेवली.

मामानं आधी स्टील हुंगलं. "भांड्याचा वास येते." मग पोटाळ ग्लासात नाक घातलं. ते इतकं आत गेलं, की बाहेर काढायला बडनेऱ्याहून रेल्वेची क्रेन मागवावी लागते की काय, असं मला झालं.

"जांभूय," तो आतूनच बोलला. "आन् मांगून लवंग."

पांढरी तिनं मुद्दाम तसल्याच दुसऱ्या मोठ्या ग्लासात ओतली. मामाच्या कपाळाला आठी. "हे याच्यात हरवून राहिलं. लहान्यात टाक." लहान ग्लासात मोसंबीची साल सापडली.

"आन् हा काडीवानी कावून?"

"बुडबुडे लवकर मरू नयेत म्हणून. पसरट भांड्यात फेस उडून जातो."

"आन् हा पाय?"

"हाताची ऊब लागू नये म्हणून."

तळव्यात धरलेला ग्लास मामानं दांडीला धरला. सौद्याआधी बगीचा पाहतो, तसा तो पोरीकडं पाहत राहिला. मग बहिणीला म्हणाला, "हिचं नाक आपल्या घराण्याचं हाय." पोरीच्या जन्मापासून ते नाक मी माझ्या घराण्याचं म्हणून मिरवत आलो होतो.

त्यानं ग्लास ओठांना न लावता खाली ठेवला.

"मुहूर्त किती वाजताचा हाय?"

पोरीच्या आधी बायकोनंच वेळ सांगितली.