अस्वलाला शिडी कोण आणील

मंदावहिनी नसत्या तर दामूकाका शेवटी काय बोलले ते मला कधीच कळलं नसतं. वहिनी काकांच्या शेजारच्या. मुरबाडकडच्या आमच्या पाड्यावर काका अंथरुणाला खिळल्यापासून दोन वेळची पेज त्याच नेऊन द्यायच्या. काका गेले त्याला पाच आठवडे झाले. मी इकडे मस्कतला, हॉटेलच्या भटारखान्यात.

काका शाळेत शिपाई होते. कल्याणच्या भंगारातून त्यांनी सिनेमाचं जुनं यंत्र आणलं होतं आणि सोबत एकच रीळ, कुठल्याशा छोट्या, केव्हाच बंद पडलेल्या विलायती कंपनीचं काळं-पांढरं कार्टून. शनिवारी शाळा सुटली की खिडक्यांना गोणपाट लावून, भिंतीवर धोतर ताणून ते दाखवायचे. यंत्राला आवाज नव्हता, म्हणून अस्वलाचं काकाच बोलायचे, "मेलो गो बाय, मेलो!" मधासाठी अस्वल दरीवरच्या झाडावर चढतं, मधमाश्या करवतीसारखी रांग धरून फांदी कापायला लागतात, अस्वल लोंबकळतं... आणि रीळ संपायचं. पुढचा तुकडा नव्हताच. मग काका विचारायचे, "आता शिडी कोन आनील रे?" आणि कुणा एकाचं नाव घ्यायचे. मी सातवीत शाळा सोडली, त्या शनिवारी माझं घेतलं होतं, "रम्या!"

मध्यंतरी ते कार्टून मला मोबाइलवर अख्खं सापडलं. आनंदाच्या भरात शेवट न बघताच वहिनींना पाठवलं, काकांना दाखवा म्हणून. मग स्वतः बघितलं. फांदी तुटते. अस्वल पडतं, जमिनीला अस्वलाच्या आकाराचं भोक पडतं, एक माशी त्यावर फूल ठेवते. संपलं. हसायचं असतं तिथं... मी मोबाइल पालथा ठेवला. फोन करायचा धीर झाला नाही. वहिनी आधीच म्हणाल्या होत्या, "येऊन जा रे, वाट बघतात." नोकरी जाईल या भीतीनं मी रजासुद्धा मागितली नव्हती.

चौथ्या दिवशी वहिनींचाच फोन आला. काका गेले होते.

"दाखवलंत का त्यांना?" एवढंच मी विचारलं.

"मी आधी बघितलं ना! फांदी तुटायच्या आत बंद केला मोबाइल. विचारलं, काका, आता शिडी कोन आनील?"

"मग?"

"म्हनले, रम्या येल ना. शिडी त्याच्याकडंच हाय."

मी गेलो नाही.

रिळाचा डबा आता वहिनींच्या फडताळात आहे. त्या लग्न होऊन आल्या तोवर ते शनिवार संपले होते. वहिनी, यंत्र चालेल की नाही ठाऊक नाही, पण मी येईन. खिडक्यांना गोणपाट लावीन, अस्वलाचं मी बोलेन, रीळ संपेल तिथंच थांबेन... आणि तुमचं नाव घेईन.