गाठ नाही, असं मी सांगितलं

"गाठ कुठे आहे तेवढं आत विचारून या बाई," डॉक्टर म्हणाले. मी पडद्याआड गेले, बाहेर आले आणि सांगितलं, "गाठ नाही."

माझ्या आजारपणाची गोष्ट इथूनच सुरू होते. आजार तेव्हा माझा नव्हता, माझ्या नणंदेचा होता. कृष्णावन्सं अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, आणि मी धारहून लग्न होऊन देवासला आले तेव्हा घर त्याच चालवत होत्या. माझी ठकू तर त्यांनीच वाढवली म्हणा ना. मुलगी चार वर्षांची झाली तरी आत्याच्याच कुशीत निजायची.

त्या साली गावात उंदीर मरून पडत होते. आमच्या कोठीतही दोन सापडले. वन्संनी चिमट्याने उचलून परसात टाकले, हात धुतले आणि स्वयंपाकाला लागल्या. चौथ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. डोळे लाल झाले, चालताना तोल जाऊ लागला, बोलताना जीभ अडखळू लागली. संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. जांघेत सुपारीएवढी गाठ होती.

"कोणाला सांगशील तर माझी शपथ आहे," त्या म्हणाल्या. "ज्या जागेचं नाव मी कधी आईजवळ काढलं नाही, ते तू त्या कोटवाल्याला सांगणार?"

तेव्हा आमच्यासारख्या घरांत बायकांना डॉक्टर असाच बघायचा. तो ओसरीवर, बाई पडद्याआड, आणि मध्ये ये-जा करणारी एखादी सून. नाडीसाठी मनगट तेवढं पडद्याबाहेर यायचं. मी वन्संच्या शपथेला धरून राहिले. डॉक्टरांनी क्विनाइन दिलं, म्हणजे हिवतापाची कडू गोळी. जाताना म्हणाले, "नाडी मला बरी वाटत नाही. उद्या परत येतो."

त्या 'उद्या'नेच घात केला. प्लेग ठरला की घराला कुलूप लागायचं आणि सगळ्यांना गावाबाहेर माळावर तट्ट्यांच्या झोपड्यांत राहावं लागायचं. सासूबाई हादरल्या. "नुसता ताप आहे पोरीला, गाठ ना बीठ. आणि हे डॉक्टर उद्या आम्हाला माळावर बसवणार? सोवळं कुठे पाळू, देव कुठे मांडू?"

आता देवासची रचना सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाव एक, पण संस्थानं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या रस्त्याची एक बाजू यांची, समोरची त्यांची. आमचे हे थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून. चुलतसासऱ्यांचं घर बरोबर समोर, म्हणजे दुसऱ्या राज्यात. इकडचा तपासनीस तिकडच्या घरात शिरत नसे. तेव्हा सासूबाईंनी ठरवलं, रस्ता ओलांडायचा.

भर दुपारी, पडदे सोडलेल्या डोलीतून वन्संना नेलं. बाईमाणसाच्या डोलीत कोण डोकावणार? ठकू रडायला लागली, आत्याबरोबर बसायचं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "बसव तिला आत, रस्त्यात तमाशा नको."

गाठ आहे हे त्या रस्त्यावर वन्संखेरीज एकट्या मला माहीत होतं. मी ठकूला उचललं आणि आत्याच्या मांडीवर बसवलं.

रस्ता म्हणजे तीस-चाळीस पावलं. मी डोलीच्या मागे चालत होते.

वन्सं तिसऱ्या दिवशी गेल्या. आंघोळ घालताना काकूंना, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंना, ती गाठ दिसली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठवडा सरायच्या आत काकू गेल्या, त्यांची धाकटी सूनही गेली. आमच्या लबाडीपायी त्यांचं घर बुडालं. ठकूला ताप आला तेव्हा मी कोणाला विचारलं नाही. पोरीला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले.

डॉक्टरांनी तिच्या मानेवर बोट ठेवलं. "ब्युबॉनिक प्लेग," म्हणाले. ब्युबॉनिक म्हणजे गाठीचा. मग मला म्हणाले, "तुम्हीही कापताय. थर्मामीटर लावा." थर्मामीटर म्हणजे ताप मोजायची काचेची नळी. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

माळावर आम्हा दोघींना एकच झोपडी मिळाली. माझी गाठ काखेत होती. मी हात अंगाशी घट्ट धरून पडले होते, तेव्हा रुक्मा आली. ती तिथे रोग्यांचं करायची, माळवी बोलायची. "दिखा बई," म्हणाली. "म्हारे कने कई छुपाणो? हूं बी लुगई." म्हणजे मीही बाईच आहे, माझ्यापासून काय लपवतेस. तिने उत्तराची वाट पाहिलीच नाही, हात वर केला, आयोडीन लावलं आणि दुसऱ्या झोपडीकडे गेली. किती सोपं होतं ते. तापातसुद्धा मला तेच टोचत राहिलं.

मला डिलिरियम झाला, म्हणजे वात. दोन दिवस मी 'डोली थांबवा' म्हणून ओरडत होते, असं रुक्माने मागाहून सांगितलं. शुद्धीवर आले तेव्हा शेजारची ठकूची चटई गुंडाळून ठेवलेली होती. रुक्माने पाणी पाजलं आणि ती माझ्याजवळ बसून राहिली.

माझी गाठ फुटली, पू वाहून गेला आणि मी वाचले. जखम भरायला दीड महिना लागला. ज्यांच्या घरी कोणी माळावर आहे त्यांच्यासाठी लिहिते, गाठ फुटली म्हणून घाबरू नका. तीच वाचण्याची वाट असते. पुढे कितीतरी दिवस छाती धडधडते, पाय लटपटतात, आणि माणूस उगाच चिडतं. त्याला चिडू द्या.

निघण्याच्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. शपथ, गाठ, डोली, कोणाच्या मांडीवर कोण. त्यांनी चष्मा पुसला. मी म्हटलं, "खरं सांगितलं असतं तर वन्सं वाचल्या असत्या?"

"ते मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "या रोगावर माझ्याजवळ औषध नाही. पण मूल त्या अंथरुणाजवळ मी ठेवू दिलं नसतं." एवढंच. मला वाटलं होतं, रागावतील. मग उठता उठता म्हणाले, "पडद्याआड जाऊन मला खरं येऊन सांगेल असं एक माणूस हवंय. दोन्ही बाजूंच्या घरांत. बघा जमतंय का."

घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता ही घरोघर फिरून लोकांच्या जांघा बघणार." हे म्हणाले, "तू जा, आईशी मी बोलतो." ते काही आईशी बोलले नाहीत, अजून बोलायचेच आहेत. पण मी गेले. धारला वडिलांनी अक्षरं गिरवून घेतली होती, ती कामी आली. थर्मामीटर वाचायला शिकले, प्लेगची लस टोचणं कशासाठी ते समजावायला शिकले. देवासला सुरुवात झाली, मग धारला, मग बदनावरकडच्या खेड्यांत. पुढे बाळंतिणींचं कामही आलं. लोक याला समाजसेवा म्हणतात. मला तो शब्द उचलवत नाही.

सुरुवातीला बायका मलाही खोटंच सांगत. "गाठ? छे." त्या बोलण्यात मला माझाच आवाज ऐकू यायचा. दरडावून पाहिलं, समजावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. एका घरी मात्र मी थकून अंथरुणाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, की मी अशीच खोटं बोलले होते, माझी ठकू चार वर्षांची होती, तिला आत्याच्या मांडीवर मीच बसवलं. त्या बाईने भिंतीकडे तोंड करून हळूच लुगडं बाजूला केलं.

तेव्हापासून प्रत्येक घरी मी हेच सांगत आले. आता साठी उलटली, गुडघे बोलतात, तरी कोणी बोलावलं तर जाते. जाऊ देणाऱ्यांचे, दार उघडणाऱ्यांचे, त्या रुक्माचे उपकार मानते. आमच्या घरात ठकूचं नाव त्या वर्षानंतर कोणी काढलं नाही. सासूबाई गेल्या, त्यांनीही काढलं नाही. यांच्यासमोर मीही काढत नाही. ते नाव मला परक्या घरी, पडद्याआड बसूनच घेता येतं.