घाटंजीला नेलेली मुडदुशी

मालवणहून निघतानाच मी वैतागलो होतो. मांडीवर बर्फाचा डबा, डब्यात मुडदुशी (समुद्रकाठच्या वाळूत घुसून राहणारा वीतभर मासा), आणि जायचं कुठे, तर यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीजवळच्या तांड्यावर! ताईने तिथल्या बंजारा शेतकऱ्याशी लग्न केलं, तेव्हापासून पाच वर्षं बाबा तिच्याशी बोलले नव्हते. आता बोलायचं सोडून मासे पाठवत होते, तेही साफ न करता. लांब न्यायच्या माशाचं पोट आधी काढावं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण बाबांचा हेका एकच, "प्वाट काढू नको. ती काढतली."

मुर्तिजापूरला रेल्वेतून उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. पुढे दारव्ह्यात जीप भरेपर्यंत दीड तास उन्हात बसलो. बर्फाचं पाणी झालं आणि माझी पँट भिजली. शेजारचे काका नाकाला रुमाल लावून म्हणाले, "भाऊ, एवढ्या दुरून मासे कायले आनले?"

"हा मासा वाळूत राहतो, इकडे मिळत नाही."

"वाळूत? मंग समुद्रात कोन राह्यते?"

अख्खी जीप हसली. मला हसायचंही त्राण नव्हतं.

तांड्यावर पोचताच ताईने डबा उघडून वास घेतला. मासे नासले होते. एवढी दगदग पाण्यात गेली म्हणून मला रडूच यायचं बाकी होतं.

"बाबानं पोट काहून नाही काढलं?"

"तू काढशील म्हणाले."

ती विळी घेऊन बसली. एकेक पोट चिरून आतली चिमूट चिमूट वाळू तिने तळहातावर घेतली. लहानपणी हे काम तिचंच. ती वाळू बाबांना दाखवल्याशिवाय टाकत नसे. खाता न येणारे ते मासे तिने रडत रडत शेवटपर्यंत साफ केले. मग आम्ही ते लिंबाच्या बुडाशी पुरले.

निघताना तिच्या याडीने (सासूला ती आईच म्हणते) डबा धुऊन तुरीच्या डाळीने भरला. "रिकामं भांडं माहेरी नाही धाडत," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर वाटत राहिलं, बाबाही मुडदुशीच. कुणी पाय आपटल्याशिवाय वाळूतून बाहेर येत नाहीत.

घरी डाळ शिजली, तिला मासळीचा वास येत होता. आई म्हणाली, टाकून देऊ. बाबांनी मात्र दोनदा वरण वाढून घेतलं. हात धुताना विचारलं, "घाटंजीक गाडी खयसून गावता?"

"पुन्हा मासे न्यायचेत?" मी धास्तावून विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले, "मीच जातंय."